पापणी लवली की

फोटो काढताना ते स्वतः डोळे मिटून घेत.

वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटेल, म्हणून सावकाश सांगतो. काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढायचं, गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी उचलायची, "हलू नका," म्हणायचं, कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी फुगा छातीशी धरायचा आणि तो दाबायच्या नेमक्या क्षणी आपलेच दोन्ही डोळे गच्च मिटायचे. नवी पेठेतल्या त्यांच्या माडीवर मी ओळखपत्राच्या फोटोसाठी पहिल्यांदा गेलो, तेव्हा हा प्रकार पाहून मी मनाशी नोंद केली, की माणूस संशयास्पद आहे. नाडीवर बोट ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचणारे डॉक्टर मी पाहिले होते. पण त्यांचेही डोळे उघडे असत.

"तुम्ही डोळे का मिटलेत?" मी विचारलं.

"एका टायमाला एकानंच मिटायचे असत्यात," ते म्हणाले. "मी मिटले म्हंजे तुमचे उघडे ऱ्हात्यात. पूर्वीचं बरं होतं. भिंगाचं टोपण काढायचं, एक-दोन-तीन मोजायचं, टोपण लावायचं. तेवढ्यात पापणी चारदा लवली तरी फोटुत डोळे उघडेच यायचे. नजर जरा मऊ यायची, बस्स. हे आताचे कॅमेरे लई घाईचे. पापणी लवली की धरत्यात."

यात शास्त्र किती आणि थाप किती, हे मला ठरवता आलं नाही. दोन दिवसांनी फोटो मिळाला. माझे डोळे उघडे होते; इतके, की काहीतरी चोरताना पकडल्यासारखा दिसत होतो. ते ओळखपत्र मी पुढे बरीच वर्षं वापरलं आणि ते पाहणाऱ्या प्रत्येकाने माझ्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं.

सगळे त्यांना फोटोअप्पा म्हणत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पन्नाशी ओलांडली असावी. धोतर, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात, जिथे माणसाला कातडीसुद्धा जास्त वाटते, तिथे काळा कोट. बोटांची नखं औषधाच्या पाण्यात बुडून बुडून तपकिरी झालेली. घरची भाषा कन्नड. स्वतःशी ते कन्नडमध्ये बोलत, गिऱ्हाइकांशी मराठीत आणि कॅमेऱ्याशी दोन्हींत. स्टुडिओतल्या पडद्यावर डोंगर, तळं आणि दोन हंस रंगवलेले होते. एका हंसाची मान उडून गेली होती. गिऱ्हाइकाला नेमकं त्या मानेपुढे बसवलं जाई. सोलापुरातली निम्मी लग्नं त्या बिनमानेच्या हंसासमोर जमली असतील.

आमच्याकडे वाक्याच्या शेवटी 'की' लावतात. परगावच्या माणसाला ती लकब वाटते. पण 'या की' हा आग्रह असतो, 'ठाऊक हाय की' हा टोमणा असतो, आणि 'गेला की' यात बातमी किती, दुःख किती आणि सुटका किती, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. फोटोअप्पांच्या तोंडाकडे पाहूनही ते कळत नसे.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापण्याआधीची प्रुफं वाचून चुका काढणारा, पगारी संशयखोर. समोर शब्द आला की तो चुकलेला असणार असं धरून चालायचं. बरोबर निघाला तर थोडं वाईटही वाटतं. या कामात दयेची म्हणावी अशी एकच खूण आहे. कुणी बरोबर मजकूर चुकून खोडला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'असू द्या'. म्हणजे खोडलंय त्याकडे लक्ष देऊ नका, आहे तसं राहू द्या. ही खूण मी फारशी वापरत नसे. फोटोअप्पा मला 'पुरूफमास्तर' म्हणत आणि माझ्याकडे जरा जपून बघत. दोघांनाही एकमेकांचा संशय होता, त्यामुळे संबंध चांगले राहिले.

आमचा संबंध मुख्यतः मृत माणसांमुळे येई. आमच्या दैनिकाचं तिसरं पान पुण्यस्मरणाचं. अग्रलेख कुणी वाचत नसे; ते पान सगळे वाचत. त्यातल्या निम्म्या फोटोंचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, फोटोअप्पांच्या प्रिंटवरून केलेले असत.

इथली एक रीत सांगायला हवी. लिंगायत घरात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, भिंतीला टेकवतात, मागून कापडाच्या पट्टीने सावरतात. नवं वस्त्र, विभूती, फुलं. भोवती भजन चालतं. मग पुढे फुलांनी सजवलेल्या गाडीत बसवूनच नेतात. निघायच्या आधी फोटो काढायचा असतो: मध्ये बसवलेलं माणूस, दोन्ही बाजूंना घरचे. जन्मभर ज्याने फोटो काढून घेतलेला नसतो, त्याचा हा पहिला फोटो असतो. या कामात अप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्टुडिओत चुळबुळ करणाऱ्या नवरा-नवरीला ते सांगत, "बसवलेली माणसं बघा कशी बसत्यात. तुमी जित्ती माणसं लई हलता की."

पण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कुणी लावत नाही. डोळे मिटलेले म्हणजे फोटोच्या आधी माणूस गेलेला, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून अप्पा त्या फोटोतून एकट्या मृताचा चेहरा मोठा करून घेत आणि बारीक ब्रशाने त्याचे डोळे उघडत. पापण्यांवर बुबुळं रंगवत, बुबुळांत उजेडाचा एकेक ठिपका ठेवत. काम इतकं सफाईदार, की पाहुणे विचारत, "हा कधी काढलेला? तब्येत चांगली दिसतेय."

माझा खरा संशय तिसऱ्या पानाचं प्रूफ वाचताना सुरू झाला. या पानावर एक चूक हमखास होते: एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव जातं. त्या दिवशी तीन फोटो शेजारी शेजारी होते. एक पेन्शनर हेडमास्तर, एक विणकर घरातली तेलुगू आजी आणि अक्कलकोट रस्त्याकडचा एक भुसार व्यापारी. नावं बरोबर होती. पण तिघं माझ्याकडे एकाच डोळ्यांनी बघत होते. जरा मोठे, बाहेरच्या कोपऱ्यात किंचित उतरते डोळे. उजव्यात उजेडाचा ठिपका थोडा वर. आजीचे डोळे हेडमास्तरांना आणि हेडमास्तरांचे व्यापाऱ्याला.

मी फोरमनला दाखवलं. तो म्हणाला, "ब्लॉकच्या ठिपक्यांची जाळी जाड असती साहेब. छापल्यावर सगळीच मयत सारखी."

मला ते पटलं नाही. आठवडाभर मी नवी पेठेतल्या दुकानांत शिरून भिंतीवरचे हार घातलेले फोटो बघत हिंडलो. काही ठिकाणी विक्रीकर खात्याचा माणूस समजून मला चहा मिळाला. कापडाच्या दुकानात, सराफाकडे, बांगडीवाल्याकडे, जिथे जिथे अप्पांचा शिक्का असलेला फोटो होता तिथे तेच डोळे. अख्खी पेठ एकाच माणसाच्या नजरेखाली व्यवहार करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मला वाटलं, यांनी कुठून तरी छापील डोळ्यांची एक जोडी आणून ठेवलीय आणि गिऱ्हाइकागणिक तीच उतरवतायत. फसवणूक म्हणावी तर तक्रार करणारा कुणी नव्हता. ज्यांचे डोळे बदलले ते बोलू शकत नव्हते आणि घरचे खूश होते.

मग एक तक्रार करणारी आली.

नवी पेठेतले एक जुने कापडवाले वारले होते. त्यांच्या मुलाला वर्षश्राद्ध साधेपणाने करायचं नव्हतं. हॉल ठरला, प्रमुख पाहुणे ठरले, मोठ्या तैलरंगी फोटोचं अनावरण ठरलं, आणि आमच्या दैनिकात पाव पान. मजकुरात वडिलांना चौदा विशेषणं होती. दोन मी व्याकरणाच्या नावाखाली कमी केली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या मुलाची आई रिक्षातून आमच्या कचेरीत आली. फोटोची लहान प्रत पदराखाली धरलेली.

"तुमीच का चुका काढणारे?"

"हो, आजी."

"मग ही काढा." तिने फोटो टेबलावर ठेवला. "हे आमचे मालक न्हवंत."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नाक त्यांचं हाय. कान बी त्यांचेच. रुमाल तर मीच बांधलाय शेवटचा. पण हे बघनं त्यांचं न्हवं. चाळीस वर्सांत त्यांनी माझ्याकडं असं बघितलं न्हाय. माझ्याशी बोलायचं तर हातातल्या कापडाकडं बघून बोलायचे. 'भाकरी झाली का,' ते बी कापडाला इचारायचे. आता भितीवरनं टक लावून बघालेत. मला लाज वाटती, घास उतरंना झालाय. ल्योक म्हणतोय, तेज दिसतंय. तेज घेऊन मी काय करू?"

मला हवा असलेला साक्षीदार चालत आला होता. मी तिला घेऊन सरळ अप्पांच्या माडीवर गेलो. खरं सांगायचं तर अप्पांना पेचात पकडल्याचा आनंद मला होत होता आणि तो मी जिना चढताना लपवलाही नाही.

अप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. अनावरणासाठी माडीवरच तयार असलेला मोठा फोटो चौकटीतून काढून उतरत्या डेस्कावर ठेवला, ब्रशाचं टोक ओठांनी ओलं केलं आणि विचारलं, "कापडाकडं बघायचे म्हंता. कंच्या अंगाला?"

"डाव्या. मापायचा गज उजव्या हातात असायचा की."

"मान खाली घालून का नुसते डोळे?"

"नुसते डोळे. मान ताठ. मान खाली घालणाऱ्यांतले न्हवते ते."

पाऊण तास लागला. आजी हंसाच्या पडद्यापुढच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. शेवटी अप्पांनी फोटो तिच्यासमोर धरला. पापण्या उतरल्या होत्या, बुबुळं खाली डावीकडे गेली होती. आजीने बराच वेळ पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"आले की," ती म्हणाली.

अनावरणाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी स्वर्गवासी शेठजींच्या दूरदृष्टीवर वीस मिनिटं भाषण केलं. त्यांच्या मागे शेठजी जवळच कुठेतरी, खाली डावीकडे, कापडाची किनार तपासत होते. मुलगा चिडला होता. आजी पहिल्या रांगेत बसून पाहुण्यांकडे न बघता फोटोकडेच बघत होती.

पण हे पुढचं. त्या दुपारी आजी जिना उतरून गेली तशी मी खिशातून तिसऱ्या पानाचं प्रूफ काढलं आणि डेस्कावर पसरलं.

"अप्पा, हे तिघं एकमेकांच्या नात्यातले का?"

त्यांनी वाकून पाहिलं. "न्हाईत की."

"मग डोळे एकाच घरचे कसे?"

मला वाटलं होतं, ते फोरमनसारखं जाळीवर ढकलतील. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, जागेवर ठेवला. मग म्हणाले, "सापडलं का तुमाला. बरीच वर्सं लागली. मला वाटलं हुतं, आधीच सापडंल."

"कुणाचे आहेत?"

"आईचे. म्हंजे, व्हावेत म्हनून करतोय. अजून झाले न्हाईत."

त्यांनी डेस्काचा खालचा खण उघडला आणि कापडात गुंडाळलेला एक फोटो काढला. जुना, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. मला देण्याआधी त्यांनी तो स्वतः एकदा पाहिला.

"सहा वर्सांचा हुतो," ते म्हणाले. "अक्कलकोटाच्या पल्याड आमचं गाव. परगावचा फोटुवाला आलता, मोठा लाकडी कॅमेरा घिऊन. घरात लई माणसं. भजन चाललेलं. आईला नवं लुगडं, डोक्यात फुलं, कदी न्हवं ती इतकी नटलेली. सणच असंल कसला तरी. मला तिच्या शेजारी बसिवलं. फोटुवाल्यानं टोपण काढलं, मोठ्यांदा एक-दोन-तीन मोजलं. आन् नेमकी आईची पापणी लवली. बाकी सगळ्यांचे डोळे उघडे, तिचेच मिटले."

ते पुढे बोलत राहिले, डोळे खिडकीकडे.

"मग मी हट्ट धरला, मला त्या कापडाखाली बघायचंय. त्यानं मला उचलून आत घेतलं. काचंवर आई उलटी. डोकं खाली, फुलं खाली, मांडी वर. मी खदाखदा हसलो. बाहीर आलो तर सगळी रडालती. मला वाटलं, मी हसलो म्हनून. पण कापडाखाली जे बघितलं ना पुरूफमास्तर, त्येच्यानंतर मला दुसरं कायबी नको झालं. शाळा नको, दुकान नको. फोटुवाल्याच्या मागं पळून पळून हे शिकलो."

"आणि आई?"

"दुसऱ्या दिवशी माहेरी गेली म्हनाले. तितंच वारली पुढं, ताप येऊन. मला नेलं न्हाय. दुसरा फोटु न्हाय तिचा. वडलांनी हा भितीला लावू दिला न्हाय. डोळे मिटल्यालं म्हनून. लोक बघतील, मेल्यावर काढला म्हंतील." त्यांनी उघडा खण आत ढकलला. "तवाच ठरिवलं, आपन शिकायचं आन् हिचे डोळे उघडायचे. सगळ्या गावाचे उघडले. हिचे उघडंनात. कसे हुते, ध्यानातच न्हाय. म्हनून एकेकाच्या तोंडावर करून बघतोय. कंच्या तरी दिवशी जमलं तर ओळखंल मी."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. आई जाऊन त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती. तिसऱ्या पानावर हा फोटो द्यायचा होता, आहे तसा. "पण लोक काय म्हंतील ते आधी कळायला पायजे. तुमच्यासारखी बारीक नजर कुनाची न्हाय. तुमी बघा आन् सांगा. जित्ती दिसती न्हवं?"

त्यांनी आपलं भिंगही माझ्या हातात दिलं.

तुम्हीही माझ्या जागी असतात तर तेच पाहिलं असतं. फोटोत अकरा माणसं होती आणि तीन आकडे मोजेपर्यंत कुणालाच नीट स्थिर राहता आलं नव्हतं. बापाची मिशी हलली होती, एका बाईचा हात धुरासारखा झाला होता, शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला तर दोन नाकं होती. मधली बाई तेवढी रेखीव आली होती. लुगड्याच्या काठाचा धागान् धागा, कपाळावरच्या विभूतीचा कण न् कण. श्वासाइतकीसुद्धा ती हलली नव्हती. तिच्या दंडाखालून एक पांढरी पट्टी मागे गेली होती आणि भिंतीतल्या खुंटीशी संपत होती. मुलाने तिची बोटं घट्ट धरली होती. तिने त्याची धरलेली नव्हती.

आणि तीन आकडे मोजून काढलेल्या फोटोत लवलेली पापणी दिसत नाही. चारदा लवली तरी डोळे उघडेच येतात. हे मला त्यांनीच, याच माडीवर, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी भिंगातून बघत राहिलो, कारण भिंग खाली ठेवलं की उत्तर द्यावं लागणार होतं. ज्या माणसाने शेकडो बसवलेली माणसं आपल्या हाताने सावरली, त्यांच्या मागच्या पट्ट्या फोटोत येऊ नयेत म्हणून फुलांचे हार सरकवले, त्याला ही पट्टी दिसली नसेल? की पन्नास वर्षं बघून बघून ती दिसेनाशी झाली होती? की दिसत होती आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून एकदा वेगळं ऐकायचं होतं? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, फुगा दाबताना मिटत तसे, गच्च.

माझं काम चुका काढण्याचं. समोरची चूक मी कधी सोडलेली नाही. संपादकांच्या सासऱ्यांच्या निधनवार्तेतलीसुद्धा नाही.

"पापणी लवलीय," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "नक्की?"

"नक्की. जिवंत बाई आहे. नेमक्या वेळी मिटले, एवढंच."

त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, कापडात गुंडाळला. घडी घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुमच्या नजरंतनं काय सुटत न्हाय की."

हा 'की' कोणता होता, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आभाराचा होता, खात्रीचा होता, की मी पहिल्यांदा खोटं बोललो आणि ते दोघांनाही कळलं, याचा होता. जिना उतरताना आनंद लपवायची वेळ आली नाही.

फोटो तिसऱ्या पानावर लागला. फोरमन म्हणाला, "मिटल्या डोळ्याचा ब्लॉक? लोक दारात येतील साहेब." संपादकांनी तर प्रुफावरच्या फोटोवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'दुसरा मागवा'. मी त्या फोटोखाली एक एक करून टिंबं दिली, समासात लिहिलं, 'असू द्या', आणि पान मशिनवर पाठवलं. सकाळी संपादकांनी मला बोलावलं आणि बराच वेळ विचारलं, दैनिक कोण चालवतं. मी म्हटलं, तुम्हीच. त्यांचा या उत्तरावर विश्वास बसला नाही.

दारात कोणी आलं नाही. फक्त कापडवाल्या आजी रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "फोटोअप्पाची आई बघितली पेपरात. किती निवांत बसलीया." त्या सगळं ओळखून बोलल्या की साधंच, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्यानंतर अप्पांकडून आलेल्या फोटोंत ते डोळे पुन्हा दिसले नाहीत. प्रत्येकाला वेगळे डोळे येऊ लागले. खरं तर पूर्वीपेक्षा सुमार. जो तो समोर बघत असे, आणि पूर्वी ते सगळे आपल्याला ओळखतायत असं जे वाटायचं, ते वाटेनासं झालं. मी हे त्यांना बोललो नाही. त्यांच्या माडीवर आता डेस्काच्या वर, भिंतीला, आईचा फोटो लावलेला होता. कुणी नवं गिऱ्हाईक त्याकडे बघून थबकलं तर ते हसून सांगत, "पापणी लवली की." आणि माझ्याकडे बघून, "इचारा की पुरूफमास्तरांना." मी मान डोलवत असे. अशी मान मी किती वेळा डोलवली असेल सांगता येत नाही. हळूहळू मलाच ते खरं वाटू लागलं होतं.

दशक संपता संपता ते गेले. सकाळी स्टुडिओ उघडायला कोट घालत होते, तेवढ्यात खाली बसले, आणि मग बसलेच राहिले. त्यांचा पुतण्या म्हणाला, बसवायला वेगळं काही करावं लागलं नाही.

मी गेलो तेव्हा ते भिंतीशी होते. विभूती, फुलं, नवं धोतर, आणि पुतण्याने कुणाचं न ऐकता घातलेला काळा कोट. नखं तशीच तपकिरी. भजन चाललं होतं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. पेठेतला एक नवा तरुण फोटोग्राफर बोलावला होता. त्याच्याकडे रंगीत रोल आणि विजेचा फ्लॅश होता. मी घरचा नव्हतो, पण पुतण्याने हात धरून मला अप्पांच्या उजव्या अंगाला बसवलं. "तुमी बसा की, त्यांचे डोळेच हुता तुमी," तो म्हणाला. तरीही सावरायला मागे बांधलेल्या पट्टीचं टोक मला दिसत होतं. मी हार थोडा सरकवला.

"सगळे इकडं बघा," तो तरुण म्हणाला. "हलू नका."

फ्लॅश पडायच्या क्षणी मी माझे डोळे गच्च मिटून घेतले. मुद्दाम मिटले असं म्हणवत नाही. एका वेळेला एकानेच मिटायचे असतात, हे मी इतकी वर्षं ऐकलं होतं. म्हटलं, मी मिटले तर दुसऱ्याचे कदाचित...

चार दिवसांनी तो प्रिंट घेऊन कचेरीत आला. रंगीत, लखलखीत. घरची सगळी माणसं टक लावून समोर बघत होती आणि मधोमध दोघं डोळे मिटून शेजारी शेजारी बसली होती. अनोळखी माणसाला कोण गेलं ते सांगता आलं नसतं.

"साहेब, मला उघडता येतात," तो म्हणाला. "तुमचे उघडून देऊ? का दोघांचेही?"

मी तो फोटो बराच वेळ पाहिला. भिंग नव्हतं, आणि मागितलंही नाही.

"असू द्या," मी म्हणालो.